बाविसावा प्रश्न

प्रेमिला रेवतकर चिडली की बोलायची नाही, पेन्सिलीला टोक करत बसायची. तिच्या टेबलाखालची टोपली सालींनी भरलेली दिसली की यमुताई टायपिस्ट ओळखायच्या, आज पुन्हा कुठल्यातरी मुख्याध्यापकानं पन्नास मुलांचे फॉर्म घरी बसून एकाच शाईनं भरून पाठवलेत.

नागपूरच्या धरमपेठेत एका कापड दुकानाच्या वर तीन खोल्यांत ती काम करायची ते केंद्र होतं. डॉ. मधुसूदन देवपुजारी यांनी ते काढलं होतं. शाळांना चाचण्या करून द्यायच्या, मुलं कुठल्या वर्गात आणि कशानं गळतात याची पाहणी करायची, एखाद्या कारखान्याला कारकून निवडून द्यायचे, एखाद्या कचेरीत दोन खात्यांचं का पटत नाही ते शोधून सल्ला द्यायचा, असं ते काम. प्रेमिला संख्याशास्त्रात एम.ए. करून एकाहत्तर साली तिथं लागली. गावोगाव जायचं, विचारायचं, लिहून आणायचं आणि हँडल फिरवायच्या गणकयंत्रावर बेरजा-भागाकार करायचे, हे तिच्याकडे होतं.

पाच वर्षांत तिला एवढं कळलं होतं की सल्ला मागायला येणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याला फक्त खाली केंद्राचा शिक्का हवा असतो. सदरमधल्या एका कचेरीच्या साहेबानं तर पाहणी सुरू व्हायच्या आधीच निष्कर्षाचं पान टाइप करून दिलं होतं, तुमचा वेळ वाचावा म्हणून. त्या दिवशी तिनं दोन पेन्सिली संपवल्या.

तरी नोकरी तिला आवडायची. ती काटोलजवळच्या एका खेड्यातली. वडील चंपतराव शेती करायचे, थोडा संत्र्याचा बगीचा होता. चौथीनंतर ती नागपूरला मावशीकडे शिकायला आली तेव्हा वर्गात 'मला'च्या जागी 'मले' म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर ती वर्गात जवळजवळ बोललीच नाही. बोलायला लागली ती पुस्तकातलं मराठी घेऊनच. पुढं ते तिच्या तोंडी इतकं बसलं की देवपुजारी सर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या रेवतकर बाई मूळच्या खेड्यातल्या, पण बोलण्यावरून कळायचं नाही. हे ऐकून तिला बरं वाटायचं. नंतर नंतर तिला त्याचाच राग यायला लागला, पण ते पुढं.

शहात्तर साली काटोल-सावनेर भागात शाळा चालवणारी एक शिक्षण संस्था केंद्राकडे आली. तिचे सचिव मनोहरराव काटोलचे वकील होते. संस्थेला अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी खास वर्ग काढायचा होता, सोबत वसतिगृह. चोवीस शाळांतल्या तिसरीच्या मुलांची चाचणी घेऊन मंदगती मुलांची यादी डिसेंबरअखेर द्यायची, असं काम ठरलं.

चाचणी केंद्राचीच होती. चाळीस प्रश्नांची पुस्तिका. सरांनी ती पंधरा वर्षांपूर्वी स्वतः बसवली होती आणि विदर्भात जिथं तिथं तीच चालायची. मुलाला समोर बसवून प्रश्न वाचून दाखवायचा, त्यानं सांगितलेलं लिहून घ्यायचं, घड्याळ लावायचं. चाळिसात सोळाच्या खाली गुण पडले तर मंदगती.

सप्टेंबरात प्रेमिला एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत पोचली. चार वर्ग आणि एकटे शालिकराम गुरुजी. तिसरीची मुलं एकेक करून व्हरांड्यात तिच्यासमोर येत होती. सातव्या नंबरला भागीरथा नावाची आठ वर्षांची मुलगी आली. पाठ ताठ ठेवून बसली, पण बऱ्याच प्रश्नांना तिची उत्तरं चुकली किंवा आलीच नाहीत. बाविसावा प्रश्न होता: केळे, पेरू, संत्रे, वांगे यांत वेगळे कोणते? भागीरथा म्हणाली, पेरू. प्रेमिलानं फुली मारली. मुलगी उठून गेली. गुण झाले अकरा.

दुपारी प्रेमिला डबा खात बसली होती. गुरुजी चौथीला गणितं घालत होते आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पहिलीचा वर्ग भागीरथा घेत होती. घेत होती म्हणजे खरोखर घेत होती. जो पोरगा 'ब' उलटा काढायचा त्याचा हात धरून ती गिरवून घ्यायची, दुसऱ्याची पाटी दुरूनच बघून सांगायची की हे तू पुसून पुन्हा काढ. प्रेमिला घास हातात धरून बघत राहिली. मग तिनं गुरुजींना तो अकराचा आकडा दाखवला.

शालिकराम गुरुजी शांत माणूस होते. त्यांनी कागद वाचला, घडी करून परत दिला.

"बाई, हे पोरगी मंद असन तर पहिलीचा वर्ग मी वर्षभर कोणाच्या भरवशावर सोडून राहिलो?"

एकदा घेतलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, कारण तर मुळीच विचारायचं नाही, असा नियम होता. प्रेमिलानं आयुष्यात पहिल्यांदा तो मोडला. तिनं भागीरथेला बोलावलं आणि विचारलं, पेरू वेगळा का? मुलगी नुसती बघत राहिली. तेव्हा प्रेमिलाच्या तोंडून कित्येक वर्षांनी, घराबाहेर, तो शब्द आला. "काहून वं?"

"केळं मले माहीत हाये, संत्रं माहीत हाये, वांगंबी माहीत हाये," भागीरथा म्हणाली. "हे पेरू काय असते, ते माहीत नाही. मंग तेच वेगळं नाही का?"

शाळेमागंच जामाचं झाड होतं. प्रेमिलानं ते दाखवून सांगितलं की पेरू म्हणजे जाम. भागीरथेनं क्षणभर विचार केला, म्हणाली, मंग वांगं, आणि पहिलीच्या पोरांकडे निघून गेली.

परतीच्या एस.टी.त प्रेमिलाला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते तिला सांगता आलं नसतं. तिला मुलीचा राग आला नव्हता, सरांचाही नाही. तिला स्वतःचा राग आला होता. पाच वर्षं ही पुस्तिका घेऊन ती खेड्यापाड्यांतून हिंडली होती. शेकडो मुलांच्या नावापुढं तिनं फुल्या मारल्या होत्या. आणि ती स्वतः जाम खातच मोठी झाली होती. त्या रविवारी घरी गेल्यावर तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा चंपतरावांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "तू तिसरीत असतानी पेरू हा शब्द आयकला होता का वं?" ती म्हणाली, नाही. "मंग तुले किती मार्क भेटले असते?" त्यांनी ते चेष्टेनं विचारलेलं नव्हतं.

सोमवारी ती पुस्तिका घेऊन सरांसमोर उभी राहिली. चाळिसातल्या सतरा प्रश्नांखाली तिनं लाल रेघ मारली होती. जिना, कोशिंबीर, केरसुणी, असे शब्द. सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, रागावलेही नाहीत. पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. प्रमाणित चाचणी म्हणजे वजनमाप असतं, एक शब्द हलवला तर आधीची सगळी तुलना वाया जाते. शिवाय बोलीभाषेत परीक्षा घेतली म्हटल्यावर लोक हसतील. यादी डिसेंबरात द्यायची आहे, ती द्या.

प्रेमिलानं जुनं कपाट उघडलं. पंधरा वर्षांपूर्वी चाचणी बसवताना ज्या बाराशे मुलांवर ती घासूनपुसून घेतली होती, त्यांच्या शाळांची यादी तिला हवी होती. ती सापडली. धरमपेठ, सदर, महाल, अमरावती शहर, अकोला शहर. एकही खेडं नव्हतं. तिनं ती यादी सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, त्या वेळी जीप नव्हती.

मग ती एवढंच म्हणाली की दिवाळीनंतर पंधरा दिवसांची रजा हवी. कशाला, ते तिनं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या सात शाळा निवडायच्या, तिथं अजून चाचणी झालेली नव्हती. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना जुनी पुस्तिका आणि अर्ध्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, पण त्या मुलांच्या घरच्या शब्दांत. सर म्हणाले, रजेत काय करायचं तो तुमचा प्रश्न, स्टेन्सिल मात्र मोजून वापरा.

आता वैताग खरा सुरू झाला. पहिली स्टेन्सिल यमुताईंनी बिघडवली. मुद्दाम नाही. त्यांचे हात तीस वर्षं शुद्धलेखनावर चाललेले. प्रेमिलानं 'काहून' लिहून दिलं की त्यांची बोटं 'का' टाइप करून मोकळी व्हायची. 'त्याले'चं 'त्याला' झालं, 'आलू'चा 'बटाटा' झाला. पूर्ण स्टेन्सिल झाल्यावर प्रेमिलाच्या लक्षात आलं की ही तर जुनीच पुस्तिका पुन्हा तयार झाली आहे. यमुताई ओशाळल्या, मग त्याच चिडल्या. म्हणाल्या, चुकीचं बरोबर टाइप करायला मला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्या खेपेला प्रेमिला शेजारी बसून एकेक अक्षर बोलत गेली.

गावात चिठ्ठ्यांनी घोळ घातला. डब्यात चिठ्ठ्या टाकून मुलं वाटायची ही गोष्ट कोणाला पटेना. एका सरपंचांनी नातवाला 'चांगला कागद' द्या म्हणून निरोप पाठवला. चांगला कुठला तेच पाहायला मी आले आहे, असं तिनं सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे सरकारलेबी माहीत नाही. दुसऱ्या एका आईची तक्रार वेगळीच होती. तिच्या मुलाला गावठी शब्दांचा कागद आला होता आणि तिला वाटलं की बाईनं पोराला अडाणी समजून तो दिला. तिची समजूत घालण्यात अख्खी दुपार गेली.

सर्वांत कहर केला पाचव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी. पहिल्या दिवशी प्रेमिला तेरा मुलं करून गेली. संध्याकाळी त्यांनी त्या तेरा जणांकडून प्रश्न वदवून घेतले आणि सगळ्या वर्गाला उत्तरं पाठ करायला लावली. दुसऱ्या दिवशी मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तरं देऊ लागली. एकानं तर विसाव्या प्रश्नाला एकविसाव्याचं उत्तर दिलं, कारण त्याचा एक आकडा निसटला होता. मुख्याध्यापक दारात हात बांधून समाधानानं उभे. शाळेचं नाव खराब होऊ नये म्हणून मेहनत घेतली, म्हणाले. प्रेमिलानं ती शाळा अख्खी काढून टाकली. दोन दिवसांचं काम पाण्यात.

सहा शाळा उरल्या, एकशे शहाऐंशी मुलं. जुन्या पुस्तिकेची त्र्याण्णव, नव्या शब्दांची त्र्याण्णव. जुन्या पुस्तिकेत सोळाच्या खाली एक्केचाळीस मुलं गेली होती. नव्यात चौदा. धरमपेठेतल्या एका शाळेतही तिनं दोन्ही पुस्तिका लावून पाहिल्या, तिथं फरक पडला नाही. शहरातल्या मुलांना पेरूही माहीत होता आणि जामही.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. मग गणकयंत्र जवळ ओढून सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. दीड दिवस खोलीतून हँडलची खरखर येत होती. एका शाळेच्या रकान्यात तिची चूक निघाली, चौदाचे सतरा झाले. ती चूक दाखवताना त्यांना थोडं बरं वाटलं असावं. पण एक्केचाळीस आणि सतरा हाही काही लहान फरक नव्हता. शेवटी ते म्हणाले, "प्रश्न तुम्हीच केलेत, विचारले तुम्हीच. तुमच्या मनात काय आहे ते मुलांना चेहऱ्यावरून कळत असेल."

आक्षेप खरा होता. प्रेमिलाला तो मान्य करावा लागला, म्हणूनच ती जास्त वैतागली.

"मग तुम्ही विचारा," ती म्हणाली.

असं कोणी सरांशी बोलत नसे. यमुताईंचा टाइपरायटर थांबला. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं की काटोलची पहिली गाडी किती वाजता आहे.

ते दोन दिवस एका नव्या शाळेत गेले. अंगात कोट, हातात घड्याळ. प्रेमिलाला त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला, मुलांच्या दृष्टीआड बसवलं. पहिले पाच जण जुन्या पुस्तिकेचे आले. सरांचा आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. मुलं मान खाली घालून बसायची, बोटानं जमीन कोरायची. सर थांबायचे, घड्याळ बघायचे, फुली मारायचे. सहाव्या चिठ्ठीला नवी पुस्तिका निघाली. सरांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले, "काहून" म्हणताना अडखळले, पुन्हा म्हणाले. समोरच्या पोरानं मान वर केली. त्यानं आधी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. सरांना विचारलं, "तुमी कोणत्या गावचे गा?"

सर म्हणाले, नागपूरचा. मग मुलगा बोलायला लागला आणि चाळीस प्रश्न संपेपर्यंत थांबला नाही.

एकवीस मुलांमध्ये तोच प्रकार झाला. परतताना नागपूर आल्यावर एस.टी.तून उतरता उतरता सर म्हणाले की त्यांची आजी पेरूला जामच म्हणायची.

आता तरी सुटलं, असं प्रेमिलाला वाटलं होतं. डिसेंबरच्या शेवटी संस्थेची बैठक झाली. सरांनी यादीसोबत एक पान जोडलं होतं: ही यादी अंतिम समजू नये, चाचणीच्या भाषेमुळे निम्म्याहून अधिक नावं चुकीनं आलेली असू शकतात, फेरतपासणी व्हावी. प्रेमिलाला वाटत होतं की यादीच देऊ नये. त्यावरून दोघांचं गाडीत बसेपर्यंत वाजलं होतं. सर म्हणाले, शब्द दिलेला आहे, काम पूर्ण करावंच लागेल, पण खरं काय ते लिहून देऊ.

मनोहररावांनी ते पान वाचलं. उलटं केलं, मागं कोरं होतं. मग त्यांनी अगदी सभ्यपणे अडचण सांगितली. वर्गखोली बांधून झाली आहे. दोन शिक्षक घेतले आहेत. साठ मुलांच्या खाटा आल्या आहेत. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे, पत्रिका छापल्या आहेत.

"फेरतपासणीत वीसच मंद निघाले," ते म्हणाले, "तर बाकीचे चाळीस मी आणू कुठून?"

प्रेमिलानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. सरांनी पान पुन्हा पुढं सरकवलं, पुन्हा तेच समजावलं, तिसऱ्यांदाही. मनोहरराव प्रत्येक वेळी मान डोलवत होते. शेवटी पान फाइलमध्ये गेलं, यादी वर राहिली, आणि चहा आला.

तिथून बाहेर पडल्यावर प्रेमिलानं जे केलं ते केंद्राच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. चोवीस शाळांच्या शिक्षकांना तिनं स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डं लिहिली. यादीत नाव असलं तरी पालकांच्या संमतीवाचून मूल वसतिगृहात नेता येत नाही, आणि यादीत चुका आहेत, एवढंच. नऊ जणांचं उत्तर आलं. शालिकराम गुरुजींनी लिहिलं होतं की त्यांच्या शाळेतली चारही नावं पालकांची संमती नाही म्हणून परत पाठवली. पालकांना खरंच विचारलं का, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. भागीरथा शाळेतच राहिली. उद्घाटन झालं, वर्गात सत्तावीस मुलं बसली. त्यांतली किती तिथं असायला नको होती, हे प्रेमिलाला कधीच कळलं नाही, कारण संस्थेनं केंद्राला पुन्हा आत येऊ दिलं नाही. पोस्टकार्डांची गोष्ट सरांपर्यंत आली तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि कडक शब्दांत सुनावलं. दुसऱ्या दिवशी नव्या पुस्तिकेचं काम सुरू करायला सांगितलं.

ते काम चार वर्षं चाललं. या वेळी अठराशे मुलं घेतली आणि निम्मी खेड्यांतली. पुस्तिका एक्याऐंशी साली छापून आली तेव्हा वर नाव सरांचं होतं आणि प्रस्तावनेत 'सहकाऱ्यांचे आभार' होते. सहकारी एकच होती. यमुताईंनीच ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, निदान अनेकवचन तरी वापरलं. प्रेमिला आठवडाभर सरांशी कामापुरतं बोलली. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि जाताना केंद्राच्या किल्ल्या त्यांनी तिच्याच टेबलावर ठेवल्या.

किल्ल्या आल्या तसा वैतागही दुप्पट झाला. दुसऱ्या एका शिक्षण संस्थेनं नवी पुस्तिका घ्यायला नकार दिला, जुनीच्या तीनशे प्रती शिल्लक आहेत, त्या संपू देत म्हणून. तिनं पाहणीसाठी ठेवलेली नवी पोरं मुलांना प्रश्न विचारायच्या आधी "नीट बोल" म्हणून दरडावायची. त्यांना ती फिरून फिरून शिकवायची, तरी तेच.

मग त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेतून विश्वनाथ नावाच्या शिक्षकाचं पत्र आलं. तुमची नवी चाचणी लावून पाहिली, त्यानं लिहिलं होतं. पहिलीची मुलं गोंडी बोलतात. त्यांना पेरूही कळत नाही आणि जामही. एकोणचाळीस मुलांत एकालाही दहाच्या वर गुण नाहीत. हे बरोबर आहे का, कृपया कळवावे.

प्रेमिलानं पत्र वाचून बाजूला टाकलं. पुस्तिकेवर स्वच्छ लिहिलं होतं की ही तिसरीसाठी आहे, आणि या माणसानं ती पहिलीला लावली होती. ते तिनं उत्तरात लिहिलं, चांगल्या ठसक्यात. पाकिटावर पत्ताही लिहून झाला. संध्याकाळी कुलूप लावताना तिनं ते पाकीट पुन्हा उघडलं, कारण तिसरीची मुलं तिथं कोणती भाषा बोलत असतील, हे तिला माहीत नव्हतं आणि ते विचारायचंही तिनं टाळलं होतं.

तिनं उत्तर फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात तिनं विचारलं होतं की शाळेत दोन दिवस राहायची सोय होईल का, आणि गोंडी चांगली येणारी एखादी बाई सोबत बसायला मिळेल का. यमुताईंनी ते टाइप करायला घेतलं. प्रेमिला म्हणाली, राहू द्या, हातानंच पाठवते, आणि बसस्टँडवर गडचिरोलीच्या गाड्यांची वेळ विचारायला निघाली. चौकशीच्या खिडकीवर माणूस नव्हता. पाऊण तास ती तिथं उभी राहिली, वैतागून, आणि वेळ विचारूनच घरी गेली.